भांडारकरांचा गौरव आणि संपादनाचा वारसा

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी ६ जुलै १९१७ रोजी वयाची ऐंशी वर्षे पूर्ण केली. त्या दिवशी पुण्यात त्यांना गौरवग्रंथ अर्पण झाला आणि त्यांच्या नावाने प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. पुढल्या वर्षी मुंबई सरकारने आपला हस्तलिखितांचा मोठा संग्रह मंदिराच्या स्वाधीन केला. त्यातल्या कितीतरी पोथ्या भांडारकरांनीच गावोगाव शोध घेऊन सरकारसाठी मिळवल्या होत्या. विद्वानाला आपल्या आयुष्याचे काम तरुण हाती गेलेले पाहायला मिळावे, याहून मोठा मान कोणता असणार! १९१९ मध्ये मंदिराचे 'ॲनल्स' हे नियतकालिक निघाले आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभही त्याच वर्षी भांडारकरांच्या हस्ते झाला.

आवृत्तीची पहिली वर्षे चाचपडण्यात गेली. ना. बा. उत्गीकरांनी १९२३ मध्ये विराटपर्वाचा नमुना छापून विद्वानांचे अभिप्राय मागवले. १९२५ मध्ये भांडारकर निवर्तले आणि त्याच वर्षी विष्णु सीताराम सुकथनकर प्रधान संपादक झाले. आदिपर्वासाठी त्यांनी सुमारे साठ पोथ्यांचे पाठ पडताळले. कोणत्या परंपरेला किती वजन द्यायचे आणि प्रक्षेप कसा ओळखायचा, याची कारणे त्यांनी १९३३ च्या प्रस्तावनेत सविस्तर मांडली. वारसा चालला तो या प्रस्तावनेमुळे. संपादकाच्या मनातले निकष त्याच्याबरोबर जातात. छापलेले निकष दुसऱ्याला तपासता येतात, नाकारताही येतात. टीकाकारांना सुकथनकरांनी 'ॲनल्स'मध्येच उत्तरे दिली. पुढे आदिपर्वाची एक जुनी नेपाळी पोथी हाती आली, तेव्हा आपण ठरवलेली संहिता तिच्यापुढे कितपत टिकते, याचा हिशेबही त्यांनी तिथेच दिला. नियतकालिकाची खरी गरज अशा वेळी कळते.

२१ जानेवारी १९४३ रोजी सुकथनकर अचानक गेले. मुंबई विद्यापीठातली त्यांची महाभारतावरची व्याख्यानमाला अपुरी राहिली आणि कामाची सूत्रे देण्या-घेण्याचा समारंभ होण्याचा प्रश्नच उरला नाही. तरीही काम खोळंबले नाही. मंदिराच्या उभारणीपासून सोबत असलेले श्रीपाद कृष्ण बेलवलकर प्रधान संपादक झाले. परशुराम कृष्ण गोडे यांनी सुकथनकरांचे विखुरलेले लेख गोळा करून १९४४ आणि १९४५ मध्ये दोन खंडांत स्मृतिग्रंथ म्हणून छापले. हारतुऱ्यांपेक्षा असे संकलन अभ्यासकाच्या अधिक उपयोगी पडते, कारण पुढच्या संपादकाला ते रोज टेबलावर लागते.

बेलवलकरांनी भीष्मपर्व आणि शांतिपर्व स्वतः संपादित केले. १९६१ मध्ये, वय ऐंशीच्या घरात असताना, त्यांनी पद सोडले. कर्णपर्वाचे संपादक परशुराम लक्ष्मण वैद्य त्यांच्या जागी आले. काम आतून ठाऊक असलेला माणूस निवडला गेला, हे योग्यच झाले. महाभारताची मूळ संहिता १९६६ मध्ये पूर्ण झाली आणि वैद्यांनी त्यानंतर हरिवंश हाती घेतला.