अम्मीच्या कोपराचं माप

अब्बांच्या जनाज्याला सारं गाव लोटलं होतं. "घरासाठी जगला माणूस," असं जो तो म्हणत होता. ते खरंच होतं. पण चार दिवसांनी मी वहीत हिशेब मांडला. अब्बा 1976 मध्ये कुवेतला गेले आणि 2004 मध्ये कायमचे परतले. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुटी. सगळ्या सुट्या मिळून महिने भरले 22. मध्ये युद्धामुळे दीड वर्ष घरी बसावं लागलं, ते वेगळं. घरासाठी जगलेला माणूस घरात राहिला तो एवढाच.

आमच्या कोकणातल्या मुसलमान घरांना पुरुष परदेशी असणं नवीन नव्हतं. आधीची पिढी जहाजावर जायची. 1973 नंतर तेलाचे भाव कडाडले, आखाती देशांत बांधकामं सुरू झाली आणि गवंडी-सुतारांना मागणी आली. अब्बा जांभ्या दगडावर हात बसलेले गवंडी. इथे फूट-इंच, तिथे मीटर. इथे चिरा, तिथे सिमेंटचे ब्लॉक. उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकायचा. आज तिथे जून ते ऑगस्ट भर दुपारी उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. अब्बांना आधार होता तो डोक्यावरच्या ओल्या रुमालाचा. एका कंपनीने त्यांचा चार महिन्यांचा पगार बुडवला, तोही गिळावा लागला. गवंड्याच्या पगारावर बायको-मुलांना तिकडे नेता येत नाही. आणि कितीही वर्षं राबलं तरी तो देश आपला होत नाही. कफील ठेवील तोवर मुक्काम.

आमच्यापर्यंत अब्बा यायचे ते चिठ्ठीतून. ते उर्दूत लिहायचे. अम्मी मराठी चौथी शिकलेली. कुराणामुळे हरफ ओळखायची, पण उर्दूची घसरती लिखावट तिला लागत नसे. म्हणून तिसरीत असल्यापासून चिठ्ठी वाचायचं आणि जवाब लिहायचं काम माझ्याकडे आलं. आज मी दोन्ही भाषा शिकवते, त्याची सुरुवात तिथे आहे. चिठ्ठीत अम्मीविषयी प्रेमाचा शब्द नसायचा. मुलीच्या तोंडून तो वाचला जाणार, हे त्यांना ठाऊक होतं.

मग 1987 मध्ये आमच्या घराचा पाया खणला गेला. चिठ्ठ्या मापांनी भरून येऊ लागल्या. पायाची खोली, चौकटीची रुंदी, न्हाणीचा उतार, कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेला नकाशा. एकदा त्यांनी लिहिलं: अम्मीला अनवाणी भिंतीशी उभं कर. कोपरापासून जमिनीपर्यंत दोरा धर, दोन्हीकडे गाठ मार आणि दोरा पाकिटात घालून पाठव. मी शिवणाचा दोरा घेतला. अम्मी लाजून हसत उभी राहिली. तो दोरा टपालाने कुवेतला गेला. महिनाभराने जवाब आला: स्वयंपाकाचा ओटा 31 इंच ठेवा. गवंडी जास्त सांगेल, ऐकू नका, हिचे खांदे दुखतील.

गावात त्या घराला सगळे "कुवेतवाल्यांचं घर" म्हणतात. मला तेवढं पुरेसं वाटत नाही. पैसा आणि मापं अब्बांची. पण चिऱ्याचा ट्रक आला की एकेक चिरा मोजून घेणारी अम्मी होती. सिमेंटच्या गोण्या भिजू नयेत म्हणून रात्री उठून ताडपत्री ओढणारीही तीच. ओळंबा कसा धरायचा हे चिठ्ठीवरून शिकून तिने गवंड्याची एक भिंत पाडायला लावली होती. तो तिच्याशी महिनाभर धड बोलला नाही. ते घर दोघांनी बांधलं. एक गवंडी कुवेतला होता, एक इथे.

2 ऑगस्ट 1990 ला इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवलं. अडीच महिने अब्बांची खबर नव्हती. बगदादमार्गे बसने अम्मान, तिथे तंबूत मुक्काम, मग विमान. त्या महिन्यांत एअर इंडियाने अम्मानहून एक लाखाहून जास्त भारतीयांना मायदेशी आणलं. त्यांत अब्बा होते. एक पिशवी घेऊन ते पुऱ्या झालेल्या घरात पहिल्यांदा आले. आधी ओट्याशी गेले आणि हाताने उंची बघितली. धाकटा भाऊ अम्मीच्या मागे लपून विचारत होता, "हे कोण?"

2004 ला परतल्यावरही ते बरेच दिवस पाहुण्यासारखे वागायचे. पाण्याचा पेला कुठे आहे ते विचारायचे, घेऊन झाला की होता तिथेच ठेवायचे. मापं सगळी पाठ, पण घराच्या सवयी त्यांच्या नव्हत्या. हे दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मी लिहिते, कारण "कुर्बानी" म्हणून आपण त्याची फार लवकर वाहवा करतो आणि मोकळे होतो.

माझ्या वर्गात आजही अशी मुलं आहेत, ज्यांचे बाप दोहा, कुवेत, रियाधला आहेत. आता व्हिडिओवर रोज चेहरा दिसतो. पण पालकसभेला आईच येते आणि फीच्या पावतीवर सहीही तिचीच असते.

गेल्या वर्षी भावाने स्वयंपाकघर दुरुस्तीला काढलं. त्याची बायको उंच. 31 इंचाच्या ओट्यावर तिची पाठ वाकते. अब्बांनी ठरवलेलं माप मोडायला भाऊ तयार नव्हता. अम्मी म्हणाली, "त्यांनी माझं माप घेतलं होतं. तू तुझ्या बायकोचं घे."

ओटा आता 35 इंच आहे. अम्मी पाटावर उभी राहून पोळ्या लाटते.