वरंध घाटाने महाडला

पुण्याहून महाडला जायचे तर एक रस्ता ताम्हिणी घाटातून माणगावला उतरतो. दुसरा कापूरहोळ, भोर करीत वरंध घाटातून बिरवाडीला निघतो. सायकलवाल्याने दुसरा धरावा. भोर सोडले की नीरा-देवघर धरणाचे पाणी बराच वेळ सोबत करते. पावसाळ्यात मात्र या घाटाचे नाव काढू नये; दरडी कोसळतात, रस्ता बंद ठेवावा लागतो.

२० मार्चला चवदार तळ्यावर पोहोचायचे, म्हणून आम्ही सात जण १८ तारखेला निघालो. पहिला मुक्काम भोरला, ओळखीच्या घरी. तिथे सायकली पुसताना बारावीतल्या एका मुलीच्या लक्षात आले, की मागच्या ब्रेकची मूठ दाबली की ती थेट हँडलला टेकते. सायकल जुनी विकत घेतलेली, डोंगरी टायरची, डिस्क ब्रेकची. अशा सायकली आता आपल्या वस्त्यांतून बऱ्याच दिसतात. तार असलेला ब्रेक सैल झाला तर मूल स्वतःच पान्याने आवळते. या ब्रेकमध्ये तारेऐवजी तेल असते. मूठ दाबली की तेल पुढे सरकते, चाकाजवळच्या कॅलिपरमधले पिस्टन ढकलते आणि पॅड डिस्कला आवळतात. तेल गळाले, आत हवा शिरली, की मूठ पोकळ लागते.

मुलीचे वडील मोटारींच्या गॅरेजात आयुष्य काढलेले. त्यांनी तेल भरायची घाई केली नाही. "आधी भोक शोधा, मग तेल," म्हणाले. गळती सहसा या चार ठिकाणी होते : मुठीतल्या पिस्टनचे रबर, पाइप जोडलेला नट, तेल भरायच्या जागेचा स्क्रू आणि कॅलिपरमधले पिस्टनचे रबर. चारही जागा स्पिरिटने पुसून कोरड्या केल्या. प्रत्येक ठिकाणी पातळ पांढरा कागद गुंडाळला आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीने मूठ दाबून बांधून ठेवली. सकाळी तीन कागद कोरडे, मुठीजवळच्या नटाचा ओला! गळती वरच्या टोकाला होती म्हणून पॅड वाचले. कॅलिपरमधून तेल झिरपले असते तर पॅड तेल प्यायले असते. तसे पॅड घासून किंवा भाजून वापरणारे आम्ही पाहिले आहेत. पैसे वाचवायची ती जागा नव्हे. पॅड नवेच घालावेत आणि डिस्क स्पिरिटने पुसावी.

नट पान्याने जपून थोडा आवळला. गळती थांबली, पण गेलेले तेल आणि आत शिरलेली हवा यांचे काय? एका गॅरेजवाल्याने आपुलकीने मोटारसायकलच्या ब्रेक ऑइलची बाटली पुढे केली. मुलीच्या वडिलांनी हात जोडले. या सायकलीच्या मुठीवर मिनरल तेल वापरा असे छापलेले होते. मोटारसायकलचे डॉट तेल वेगळ्या जातीचे. ते या ब्रेकमध्ये गेले तर रबरे फुगून निकामी होतात. सायकलीचे तेल भोरात आम्हाला मिळाले नाही.

मुलीचा चेहरा उतरला. "पप्पा, पुढचा ब्रेक चांगला आहे ना!"

"चढाला चालेल, बाळा. घाट उतरायला नाही. सगळा भार एकाच ब्रेकवर आला की तो तापतो, आणि वळणावर खडी असली तर पुढचे चाक घसरते."

तिने पुन्हा शब्द काढला नाही, पण धरणाच्या काठाने जाताना आमच्याशी बोललीही नाही. वाटेत लहानसा उतार आला की खाली उतरून चालायची. शिरगाव मागे पडले. पुढे घाटात वाघजाईचे देऊळ, शेजारी चहा-भज्यांच्या टपऱ्या आणि हातातली पिशवी ओढणारी माकडे. तिथून खाली पाहिले की कोकण एकदम पायाशी येते. बिरवाडीकडे परतणारा रिकामा टेम्पो मिळाला. बापलेक सायकलींसह त्यात बसले. बाकीचे आम्ही ब्रेक दाबत-सोडत, दोनदा थांबून उतरलो. खाली आल्यावर डिस्कवर पाण्याचे थेंब टाकले तर चुर्र आवाज झाला. तेव्हा टेम्पोचे भाडे कोणालाच जास्त वाटले नाही.

महाडला दुसऱ्या दिवशी पांढऱ्या साड्या आणि निळे झेंडे यांनी रस्ते भरले होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा, आणि महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा. दोन्ही कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, मागून हजारोंनी घेतले. पुढे कोर्टकचेरी दहा वर्षे चालली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. आमच्यातील एक आजोबा पायरीवर बराच वेळ बसून होते. त्यांना कोणी उठवले नाही.

महाडला गेलेल्यांनी गांधारपाल्याची बौद्ध लेणी चुकवू नयेत. गावापासून जवळच, मुंबई-गोवा रस्त्यालगतच्या डोंगरात आहेत. संध्याकाळी आम्ही पायीच गेलो. विहारांतल्या दगडी ओट्यांवर बसले की खाली नदीचे पात्र दिसते. मुलगी तिथे पहिल्यांदा मोकळेपणी हसली.

परतीचा प्रवास एस.टी.ने झाला. पुण्यात नट उघडला तेव्हा आतले पितळी कडे वाकडे बसलेले निघाले. हे कडे एकदाच वापरायचे असते. पाइपचे टोक सरळ कापून नवे कडे घातले, मिनरल तेल भरून हवा काढली. मुलीने स्वतः चार कागद गुंडाळून मूठ रात्रभर बांधून ठेवली. सकाळी चारही कोरडे होते. मनुस्मृतिदहनाच्या दिवशी, २५ डिसेंबरला, पुन्हा महाडला जायचे ठरले आहे. या खेपेला घाट ती सायकलीवरून उतरणार आहे.