निपाणीच्या बाया

निपाणी म्हटलं की आपल्याला सीमाप्रश्न आठवतो, फार तर तंबाखू. वखारीत तो तंबाखू हाताळणाऱ्या बाया मला तरी कधी आठवल्या नव्हत्या. दीपा धनराज यांचा 'तंबाखू चाकिला ऊब आली' (१९८२) पाहिला आणि स्वतःचीच लाज वाटली.

'युगांतर' या गटाचा हा माहितीपट. बाहेरच्यांना सहसा न दिसणारी वखारीच्या आतली धूळ त्यात दिसते. आणि संघटना कशी बांधली हे बाया स्वतःच सांगतात, तेही मराठीत! सीमाभागातल्या मराठीवर इतकं बोलणारे आपण, ही मराठी कितीशी ऐकली?

त्याआधी १९८१ साली पुण्यातल्या घरकामवाल्या बायकांवर 'मोलकरीण' आला होता. पुढे 'क्या हुआ इस शहर को?' (१९८६) हैदराबादच्या दंगलीवर आणि 'समथिंग लाइक अ वॉर' (१९९१) कुटुंबनियोजनावर. हा शेवटचा पाहवत नाही. नसबंदीच्या शिबिरात बाया एकामागून एक टेबलावर येतात, डॉक्टर आपल्या वेगाची फुशारकी मारतो. पण त्याच माहितीपटात गोल करून बसलेल्या बाया आपल्या शरीराविषयी मोकळेपणी बोलतात, हसतातसुद्धा. मला तो डॉक्टर विसरायचाय. त्यांचं हसणं मात्र अजून कानात आहे.