चौथा नंबर

नातू यंदा सुट्टीत जळगावला आला तो मोरोक्कोचा लाल टी-शर्ट घालून. म्हटलं, बाबा रे, एवढ्या लांबचा देश का? तर म्हणतो, "आजोबा, २०२२ च्या वर्ल्ड कपला चौथे आले ते! सेमीफायनल गाठणारा आफ्रिकेतला पहिला देश."

मग मी त्याला आपला चौथा नंबर सांगितला. १९५६, मेलबर्न ऑलिंपिक. मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझानं ऑस्ट्रेलियावर तीन गोल मारले, आपण ४-२ जिंकलो. पुढे युगोस्लाव्हिया आणि बल्गेरियाकडून हरलो, म्हणून चौथे. गंमत बघा, मोरोक्को स्वतंत्र झाला तोच मुळी १९५६ साली!

प्रगतिपुस्तकं तपासण्यात हयात गेली माझी. एका परीक्षेवरून काही कळत नाही, मागची-पुढची पानं चाळावी लागतात. मोरोक्को १९८६ मध्ये गटात पहिला आला, पण १९९८ नंतर थेट २०१८ लाच पुन्हा वर्ल्ड कपला पोचला. मधल्या काळात त्यांनी राजधानी रबातजवळ अकादमी काढून पोरं घडवली. पोर्तुगालला हरवणारा गोल मारणारा अन-नेसिरी तिथलाच. आपण १९६२ मध्ये जकार्ताला एशियाड जिंकलो, आणि पुढची पानं... असो.

आमच्या जळगाव-धुळ्याकडे दहावीचा पी.टी.चा तास गणिताला द्यायची रीत. शाळा सुटली की मैदानाच्या फाटकाला कुलूप. ते तासभर उघडं राहिलं तरी पुष्कळ. तुमच्या गावी राहतं का हो?