लाखोरी, पाय आणि एक हट्टी बग

परवा लाखनीहून मामीने लाखोरीचं पीठ पाठवलं. सोमवारी डब्यात त्याचं बेसन (पुणेकरांनो, तुमचं पिठलं!) नेलं, तर टीममधल्या एकाने नाव ऐकून मोबाईलवर शोधलं आणि डबा परत माझ्याकडे सरकवला. "अरे, याने पाय जातात म्हणे! बॅन होती ना ही डाळ?"

होती. आणि पाय जातात हेही खरंय. म्हणून शनिवारी जरा वाचत बसलो.

लाखोरी म्हणजे लाखोळी, हिंदीत खेसारी. आमच्या भंडारा-गोंदियाकडे धान कापायच्या थोडं आधी ओल्या बांधीतच हिचं बी फेकून देतात. नांगरणी नाही, खत नाही. पाऊस दगा देवो, ही उगवतेच. झिरो मेंटेनन्स पीक! आणि घोळ इथेच आहे, कारण दुष्काळात ताटात हीच तेवढी उरते.

आजाराचं नाव लॅथिरिझम. मेंदूकडून पायांकडे हुकूम नेणाऱ्या चेतापेशींवर घाव बसतो. डोकं शाबूत राहतं, पाय मात्र ताठ होतात, चालताना एकमेकांत अडकतात. डॉक्टरांनी याच्या पायऱ्या पाडल्यात: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि शेवटी रांगणारा. हे वाचून मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ नुसताच बसलो. एमआरआय नको, काही नको, गावातल्या पोरालाही कळेल असं स्केल. गेलेले पाय परत आणणारं औषध आजही नाही.

1964 साली राव, अदिगा आणि सर्मा या आपल्याच शास्त्रज्ञांनी बियांतून विष वेगळं काढलं, ओडॅप. कोंबडीच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना ते दिलं की झटके यायचे. पण मोठ्या प्राण्यांत माणसासारखा आजार काही दिसेना. आमच्या भाषेत, बग रिप्रोड्यूस होईना. 1986 मध्ये स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी माकडांत त्याची सुरुवातीची लक्षणं दाखवली, तेही लॅन्सेटमध्ये.

माणसांवरचा पुरावा मात्र त्याआधीच तयार झाला होता, फार वाईट रीतीने. 1942-43 मध्ये व्हापनियार्काच्या छळछावणीत (आजच्या युक्रेनमध्ये) ज्यू कैद्यांना रोज हीच डाळ खायला घातली. काही महिन्यांत शेकडो जणांचे पाय गेले. आर्थर केसलर नावाच्या डॉक्टरने कारण ओळखलं, तो स्वतःही तिथला कैदीच होता. नंतरची कित्येक वर्षं तो त्या रुग्णांमागे राहिला.

म्हणून "लाखोरीत विष नाहीच" म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण मामी म्हणते, "काई नाई होत बाबू, आमी जलमभर खात आलो", तेही खोटं नाही. दोन-तीन महिने पोटात मुख्यतः हीच डाळ जात राहिली की धोका. भात-भाजीबरोबर वाटीभर खाणाऱ्याचं गणित वेगळं. मध्य प्रदेशात रेवाकडे तर शेतमजुरांना मजुरीच खेसारीच्या रूपात मिळायची, आणि पाय जायचे ते त्यांचेच.

1961 मध्ये विक्रीवर बंदी आली. पेरणी चालूच राहिली. मग ही डाळ गुपचूप तुरीत आणि चण्याच्या बेसनात मिसळली जाऊ लागली, म्हणजे शहरातल्या लोकांनीही न कळत खाल्लीच! नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी या बंदीविरुद्ध अनेक वर्षं लढले, उपोषणंही केली. 2008 मध्ये महाराष्ट्राने बंदी उठवली. 2016 मध्ये आयसीएमआरच्या समितीने कमी ओडॅपच्या रतन, प्रतीक आणि महातिवडा या तीन वाणांना हिरवा कंदील दाखवला.

तुम्ही खाणार असाल तर डाळ गरम पाण्यात भिजवा आणि ते पाणी फेका, बरंचसं विष निघून जातं. (दुष्काळात नेमकं पाणी आणि सरपणच नसतं, तो भाग वेगळा.)

मला आता डाचतंय ते बियाण्याचं. बांधीत पडतं ते बऱ्याचदा घरचंच राखलेलं बी. त्यात मधमाश्या एका बांधीतलं पराग दुसरीत नेतात. म्हणजे एकाने रतन पेरलं आणि शेजारी जुनंच वाण असलं, तर काही वर्षांत याच्या दाण्यातही विष वाढू शकतं. एकट्याने अपग्रेड करून भागत नाही, अख्ख्या शिवाराला एकदम करावं लागेल. मामाला फोन करून विचारतो, यंदा कोणतं बी फेकलं ते.