गुळाची आहे, खा की!

साखर वाईट आणि गूळ चांगला, हे मी कुठे शिकले ते सांगता येणार नाही. हे कुणाला शिकवावं लागतच नाही. आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात तर ही समजूत जास्तच गमतीची. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, कुठेही जा, साखर कारखाना आहेच. ऊसबिलावर इथे घरं बांधली गेली, पोरं शिकली, लग्नं झाली. आणि खायची वेळ आली की आम्हीच म्हणणार, साखर नको गं बाई, गूळ घाल.

ह्याच समजुतीवर विसंबून मी दिवाळीची नानकटाई ‘पौष्टिक’ करायला घेतली. त्यात पैसे गेले, तूप गेलं, पाहुण्यांत शोभा झाली, हे सगळं एक वेळ चालेल. पण घरातल्या एका माणसाच्या तब्येतीशी मी खेळले, आणि तेही त्याचं भलं करतेय अशा थाटात. म्हणून हे लिहायचं.

ज्यांना इकडची पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाळी आठवड्यावर आली की गावातल्या बेकऱ्यांत घराघरांतून आलेल्या डब्यांची रांग लागते. मैदा, तूप, पिठीसाखर, वेलदोडा आपण न्यायचं. मळणं, पत्र्यावर लावणं आणि भट्टीत भाजणं बेकरीवाल्याकडे. किलोमागे मजुरी ठरलेली. आमच्या घरचं प्रमाण एक किलो मैद्याला पाऊण किलो तूप आणि पाऊण किलो पिठीसाखर. पूर्वी तुपाच्या जागी डालडा असायचा, तो मात्र मी आल्या आल्या बंद केला. ती एक गोष्ट मी नक्की बरोबर केली. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर सरकारनेही जानेवारी 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे. पण त्या एका शहाणपणाने माझा आत्मविश्वास नको तितका वाढला.

2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. टीव्हीवर, मासिकांत, शाळेच्या कार्यक्रमांत ज्वारी-बाजरीचं कौतुक चाललं होतं. त्यात माझे सासरे, म्हणजे मामा, मधुमेहाचे. गोळ्या चालू, चहा बिनसाखरेचा, आणि दिवाळीत फराळाच्या ताटाकडे बघून गप्प बसणारे. मी ठरवलं, ह्या वर्षी मामांनाही खाता येईल अशी नानकटाई करायची. मैद्याऐवजी कणीक आणि साखरेऐवजी सेंद्रिय गूळ.

बेकरीवाल्या चाचांनी डबा उघडून गूळ बघितला आणि म्हणाले, “ताई, पसरंल हां ही.”

“पसरू द्या चाचा, घरीच खायचीय.”

ती पसरली. पत्रा बाहेर आला तेव्हा एकेक नानकटाई शेजारणीला चिकटून तिची पोळी झाली होती. कडा काळ्या, बूड करपलेलं, आणि मधे बोट दाबलं तर खड्डा. किसूनही गुळाचे बारीक खडे राहिले होते, ते वितळून चकचकीत काळे डाग पडले होते. उलथन्याने काढताना निम्म्या मोडल्या. चाचा काही बोलले नाहीत. मजुरी घेतानाच काय ते माझ्याकडे बघितलं.

तेव्हा मी भट्टीला दोष दिला. गूळ साखरेसारखा वागत नाही, हे कळायला बराच काळ गेला. नानकटाईत साखर गोडीखेरीज आणखी एक काम करते. तूप आणि पिठीसाखर हाताने फेसतात, तेव्हा साखरेच्या बारीक कणांबरोबर तुपात हवा शिरते आणि मिश्रण पांढरं, हलकं होतं. भट्टीत नानकटाई फुलते, तिला वर भेगा पडतात, त्या ह्या हवेमुळे आणि चिमूटभर सोड्यामुळे. गूळ तसा फेसला जात नाही. त्यात मुळातच ओलावा असतो. शिवाय उसाच्या रसातल्या साखरेचा काही भाग उकळताना फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेला असतो. हे दोन्ही उष्णतेत लवकर तांबूस होतात आणि हवेतलं पाणी ओढून घेतात. म्हणजे ज्या आचेवर साखरेची नानकटाई नुसती बदामी होते, तिथे गुळाची करपते. आणि डब्यात ठेवली की दोन दिवसांत मऊ पडते.

गंमत म्हणजे हे आमच्या स्वयंपाकघराला आधीपासून ठाऊक होतं. अनारशाच्या पिठात गूळ घालून ते मुरवत ठेवतात, कारण तिथे तो ओलावाच हवा असतो. गूळपापडीत कणीक तुपावर खमंग भाजून मग गूळ घालतात, म्हणून ती जमते. गूळ आणि कणीकच खायची होती तर गूळपापडी करायची की! पण ती जुनी, आणि मला काहीतरी नवीन करून दाखवायचं होतं.

पुढच्या चुका भराभर सांगते. सुप्याकडच्या जिरायती भागातली मालदांडी ज्वारी आणून सगळा मैदा काढला आणि सगळी ज्वारी घातली. ज्वारीत ग्लुटेन नसतं, तेव्हा धरून ठेवणारं काहीच उरलं नाही. उचलली की भुगा, खाल्ली की तोंडात रेती. बाजरीचं पीठ दळून ठेवलेलं होतं तेच वापरलं. बाजरीत स्निग्धांश जास्त असल्याने ते पीठ लवकर खवट होतं, ही गोष्ट भाकरी करणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असते. मलाही होती. वेलदोड्याने कडवटपणा झाकला जाईल असं वाटलं, तो झाकला गेला नाही.

मग तुपावर मोर्चा वळवला. माझं माहेर इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी. तिकडे केळीच्या बागा पुष्कळ. तूप निम्मं करून त्याजागी पिकलेली केळी कुस्करून घातली. भट्टीतून निघाली तेव्हा ती इतकी गुबगुबीत दिसत होती की मी लगेच डबे भरून नणंदेकडे आणि माहेरी पाठवून दिले. केळ्यात तीन चतुर्थांश पाणी असतं, आणि फराळ टिकतो तो कोरडा असतो म्हणून, एवढा विचार केला नाही. भाऊबीजेपर्यंत डब्यात पांढरी बुरशी. नणंदबाईंचा फोन आला, “वहिनी, ह्याच्यावर नारळाचा कीस लावला होता का गं?”

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. मामांचं नाही.

गुळाच्या त्या पहिल्या, बिघडलेल्या नानकटाया बाहेर कुणाला देण्यासारख्या नव्हत्या, म्हणून घरातच राहिल्या. मामांना चवीला आवडल्या. “खाऊ का गं?” त्यांनी एकदाच विचारलं. मी म्हटलं, “गुळाची आहे मामा, कणकेची आहे, खा की!” माझ्या ह्या एका वाक्याने त्यांचं वर्षानुवर्षांचं पथ्य सैल झालं. सकाळच्या चहाबरोबर, दुपारी पेपर वाचताना, रात्री जेवणानंतर. आत्या, म्हणजे सासूबाई, टोकायला गेल्या तर ते म्हणायचे, “सूनबाईनं माझ्यासाठी केलीय.” मला कोण अभिमान वाटायचा!

दिवाळीनंतर नेहमीची तपासणी झाली. उपाशीपोटीची साखर एरवी आटोक्यात असायची, ती दोनशेच्या पुढे. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लंत? मामा ऐटीत म्हणाले, “साखरेचं काहीच नाही. गुळाची बिस्किटं तेवढी.” डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. “ताई, ऊस एकच. एक कारखान्यात जातो, दुसरा गुऱ्हाळात.”

घरी येऊन पहिल्यांदा कागद-पेन घेतलं. खरं तर हे सगळ्यात आधी करायला हवं होतं. आमच्या प्रमाणात मैदा, तूप, साखर मिळून अडीच किलो होतात. पंचवीस ग्रॅमची एक, अशा शंभर नानकटाया. एकीत साडेसात ग्रॅम साखर, तेवढंच तूप, आणि कॅलरी एकशे तीसच्या आसपास. साखर काढून तेवढाच गूळ घातला तर नानकटाईमागे कॅलरी वाचते एक, फार तर दीड. गुळात मळी शिल्लक राहते म्हणून थोडी खनिजं असतात हे खरं, पण साडेसात ग्रॅमात ती असून असून किती असणार? जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं आहे की वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, पाच टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. पाच टक्के म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅम. तीन नानकटायांत ती जवळपास संपली. हा हिशेब धडधाकट माणसाचा. मामा दिवसाला सहा-सात खात होते, कारण मी ‘खा की’ म्हटलं होतं.

तेव्हा लक्षात आलं की मी पदार्थ बदलला होता, त्यातली गोडी आणि तूप जिथल्या तिथे होतं, आणि वर खाण्याची परवानगी दिली होती. साखरेची असती तर मामांनी एक खाल्ली असती. ‘पौष्टिक’ म्हटल्याने त्यांनी सात खाल्ल्या. म्हणजे माझ्या सुधारणेने घरात जास्त साखर गेली.

आता जी करते ती फार क्रांतिकारक नाही. अर्धा किलो मैदा, पाव किलो कणीक, पाव किलो ताजं दळलेलं ज्वारीचं पीठ, तिन्ही एकत्र दोनदा चाळून. तूप सहाशे ग्रॅम, त्याखाली गेलं की नानकटाई दगड होते. पिठीसाखर साडेचारशे. साखर कमी झाल्याचं जाणवू नये म्हणून वेलदोडा आणि जायफळ थोडं सढळ, आणि चिमूटभर मीठ. तूप थिजलेलं घ्यायचं आणि पांढरं होईपर्यंत फेसायचं, तिथे आळस नाही. खरा फरक पडला तो आकाराने. चाचांना सांगून बारा ग्रॅमचे गोळे लावून घेते. सुपारीपेक्षा जरा मोठे. ते म्हणाले, “ताई, पत्रे वाढतील, मजुरी वाढंल.” वाढू दे म्हटलं. एका नानकटाईत साखर तीन ग्रॅमच्या आत, कॅलरी साठ-पासष्ट. माणूस हातात दोनच घेतो, मोठी असो की छोटी, हे मी पाहुण्यांच्या ताटावरून शिकले.

मामांना आता कशाची आहे ते सांगते, आणि कितीची आहे तेही. साखरेची, दोन, जेवणानंतर, आणि त्या दिवशी भात कमी. त्यांना हे पटलं असं नाही. “गुळाचीच बरी होती,” म्हणतात.

आणि एवढं सगळं करून मी ताटातला सगळ्यात छोटा पदार्थ सुधारला आहे, हेही कबूल करायला हवं. त्याच ताटात करंजी आहे, पाकातल्या शंकरपाळ्या आहेत, आणि तुपाने निथळणारे बेसनाचे लाडू आहेत. नानकटाईला हात लावला कारण ती माझ्याकडे होती. लाडू आत्यांच्या खात्यात येतात, आणि त्यांच्यासमोर वजनकाटा ठेवायची माझी अजून छाती झालेली नाही.