हजार रुपयांची परसबाग

वर्षाला हजार रुपये. परसातल्या भाजीसाठी याच्या वर एक पैसा काढायचा नाही हे आधी ठरवलं आणि मग कुदळ हातात घेतली. 2020च्या टाळेबंदीनंतर माझं शिवणकाम निम्म्यावर आलं होतं, यांचा पगार कापला गेला होता, आणि कर्जतच्या बाजारात भाजी मात्र खाली उतरायचं नाव घेत नव्हती. दहिवलीत आम्ही भाड्याने राहतो. घरामागे घरमालकीण काकूंची मोकळी जागा आहे, दोन रिक्षा उभ्या राहतील एवढी. "नुसतं तण माजण्यापेक्षा काहीतरी लाव गं," काकू म्हणाल्या. मी डोंबिवलीच्या चाळीत वाढलेली. तुळशीपलीकडे काही लावलेलं नव्हतं.

मोबाइलवर पाहिलं तर जो तो कोकोपीट, ग्रो बॅग आणि गांडूळखताच्या पिशव्या घ्यायला सांगत होता. नुसती बेरीज केली तरी माझे हजार रुपये पहिल्याच दिवशी संपत होते. वाट सापडली ती कर्जत स्टेशनाबाहेर. डोंगरपायथ्याच्या ठाकूरवाड्यांतून बायका टोपल्या घेऊन तिथे बसतात. ज्यांच्याकडून मी नेहमी भाजी घेते त्या मावशींना विचारलं, तर पुढच्या खेपेला त्यांनी पदराची गाठ सोडून शिराळी, काकडी आणि पडवळाचं बी माझ्या हातावर ठेवलं. पैसे घेतले नाहीत. "पाऊस यायच्या आधी बी मातीत गेलं पायजे, ताई. मग तो लावू देत नाय," एवढं मात्र बजावलं.

तो का लावू देत नाही हे जुलैत डोळ्यांनी पाहिलं. आमच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. त्या झोडपण्यात उघड्या जमिनीत टाकलेलं बी एकतर वाहून जातं, नाहीतर कुजतं. म्हणून इथे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला आळी घालून वेलीचं बी टोकतात. पुढचे काही आठवडे रोज तांब्याभर पाणी घालून वेल हातभर वाढवायचा. मुळं एकदा खाली गेली की मग मृग कितीही कोसळू दे. तांदूळ धुतलेलं पाणी मी त्यासाठीच बाजूला ठेवायचे.

आळं घालणं हे काम मला सगळ्यात आवडलं. दोन वीत रुंद, दीड वीत खोल खड्डा. त्यात आंब्या-फणसाचा वाळका पाला भरून पेटवायचा, म्हणजे वाळवी आणि किडीची अंडी जळतात. भाताच्या रोपासाठी शेतकरी राब भाजतात, त्यातलाच हा प्रकार. राख निवली की कुजलेलं शेणखत, त्यावर माती. मे महिन्यात आळ्याच्या कडेने पाणी धरायला पाळ हवी. पहिला मोठा पाऊस झाला की तीच पाळ फोडून माती बुंध्याशी ओढायची आणि वेल उंचवट्यावर घ्यायचा, पाणी बाहेर काढून द्यायचं. ही गोष्ट पुण्याकडच्या किंवा देशावरच्या सल्ल्यात सहसा नसते, कारण तिकडे पाणी टिकवायचं असतं. इथे चार महिने पाणी घालवायचं असतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आपल्या गावचा पाऊस आधी ओळखावा, खताचं नंतर बघावं, असं मला मनापासून वाटतं.

मांडवाला बांबू घ्यायला गेले तर सगळे पैसे त्यातच गेले असते. मावशींनी उंदीरमारी सुचवली. गिरिपुष्प म्हणतात तीच, बांधाबांधावर गुलाबी फुलणारी. तिचे मनगटाएवढे दांडके काकूंच्या दिराच्या बांधावरून तोडून आणले आणि रोवले. पावसाने त्यांना पालवी फुटली, खांब जिवंत झाले. जिवंत खांबाला वाळवी लागत नाही, आणि त्याचा पाला खुडून बुंध्याशी टाकला की नत्राचं खत मिळतं. वर नायलॉनची दोरी आडवी-उभी ताणली. कोंबड्या आणि बकऱ्यांसाठी चहूबाजूंनी जुन्या साड्या बांधल्या. मोठा खर्च म्हणजे खुरपं, दोरी, पोत्याने आणलेलं शेणखत आणि भेंडीच्या बियांची पुडी.

वेल चढत होते, पण खायला काही नव्हतं. जून-जुलैचा हा रिकामा काळ रानभाज्यांचा. पावसाच्या तोंडावर मावशी शेवळं आणतात, सोबत काकडंही देतात; ती घातली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात. मग फोडशी, कुर्डू, भारंगी, आणि पुढे श्रावणाकडे कंटोली. टाकळा तर आमच्याच कुंपणाशी आपोआप उगवला होता. कोवळा असतानाच खुडायचा, लसूण घालून परतायचा. तण म्हणून मी तो उपटून टाकत होते तेव्हा काकूंनी हात धरला. तेव्हापासून लावलेली भाजी आणि आलेली भाजी अशी दोन्ही खाती मी एकाच परसात धरते.

श्रावणात शिराळीला पिवळी फुलं लागली, पण फळ धरेना. मावशींनी विचारलं, "सांजच्याला बघितलंस?" शिराळीचं फूल दुपार कलल्यावर उमलतं. आठवडाभर झड लागलेली, माश्या-पतंगांचा पत्ता नाही. मादी फुलाच्या मागे करंगळीएवढी बारीक शिराळी आधीच असते, नर फुलाच्या मागे नुसता देठ. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि पिवळी पूड मादी फुलाच्या मधल्या बोंडावर हलकेच टेकवायची. छत्री खांद्याला लावून, तिन्हीसांजेच्या उजेडात मी हे करत होते. फूल सुकलं, आणि त्यामागची करंगळी हिरवीगार राहून लांबू लागली. शिधा, पैसा, भाव यांचा विचार त्या वेळी डोक्यातून पार गेला होता.

काकडीवर फळमाशी आली. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. तिथे टाचणीच्या टोकाएवढा ओला ठिपका दिसतो, फळ वाकडं होतं, पिवळं पडून गळतं. आतल्या अळ्या मग मातीत उतरून कोष करतात आणि नवी पिढी वर येते. म्हणून गळालेलं एकही फळ खाली ठेवायचं नाही. बादलीभर पाण्यात बुडवून ठेवायचं आणि नंतर खोल पुरायचं. आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने यावर रक्षक सापळा काढला आहे. भोपळावर्गीय वेलींसाठी त्यात क्यू-ल्यूरचं आमिष लावतात, त्याला नर माश्या भुलतात. तो एक घेतला. बाकी प्रत्येक कोवळी काकडी वर्तमानपत्राच्या पुडीत गुंडाळून दोऱ्याने बांधली, त्याला दमडी लागली नाही. पाऊस कागद फाडायचा, मी पुन्हा बांधायचे. गोगलगाईंसाठी रात्री ओलं बारदान पसरायचं. सकाळी त्याखाली जमलेल्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. पानं कुरतडणाऱ्या तांबड्या भुंगेऱ्यांवर भल्या पहाटे, ते सुस्त असताना, चुलीची राख भुरभुरायची.

भाद्रपदात शिराळी एवढी आली की काकूंकडे, शेजारी आणि स्टेशनाबाहेर मावशींकडेही दिली. त्यांनी ती आपल्या टोपलीत मांडून विकली आणि मला त्या बदल्यात तांबड्या भोपळ्याचं बी दिलं.

कोजागरीनंतर आभाळ आटलं आणि दुसरी शाळा सुरू झाली. ही नणंदेच्या शेतावर, खालापूर तालुक्यात चौकजवळ. भात कापल्यावर जमिनीत ओल असते, त्या ओलीवरच तिकडे वाल टोकतात. पाणी द्यावं लागत नाही, थंडीतलं दव पुरतं. वन्संनी शेत नांगरलंच नव्हतं. नेरळच्या सगुणा बागेतल्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी रूढ केलेल्या एसआरटी पद्धतीने त्यांनी कायमचे गादीवाफे केले आहेत: नांगरट नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. भाताची मुळं जमिनीतच ठेवतात. "वहिनी, उपटू नका, कापा," वन्सं म्हणाल्या आणि एक वाफा खुरप्याने उकरून दाखवला. कुजलेल्या मुळांच्या नळ्यांतून हवा-पाणी खाली जातं, आणि बाजूने गांडुळं निघाली. मी घरी येऊन तेच केलं. शिराळीचे वाळले वेल जमिनीलगत कापले, पाला तिथेच अंथरला, आणि मधेमधे कडवे वाल टोकले. रायझोबियमची पुडी गुळाच्या पाण्यात कालवून बियांना चोळली होती. वालाच्या मुळांवर ज्या गाठी येतात, त्यांत हवेतलं नत्र साठतं. एक रोप उपटून लेकीला दाखवलं. गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी.

आता बियांचं. कर्जतचं भात संशोधन केंद्र 1919चं. सह्याद्री नावाचं संकरित भात इथलंच. विद्यापीठाच्या शीतल काकडीची आणि कोकण तारा कारल्याची माहिती मला शेतकऱ्यांकडूनच कळली. सुधारित वाण जरूर घ्यावेत. पण संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी धरता येत नाही, हे कमी पैशांत भागवणाऱ्याने लक्षात ठेवावं. मावशींची शिराळी मी वेलावरच वाळू दिली. बी राखेत घोळवून काचेच्या बाटलीत भरलं. पुढच्या वर्षाचा तेवढा खर्च वाचला.

उरला उन्हाळा, आणि तिथे इथल्या भूगोलाचा खरा भेद दिसतो. टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र 1915चं आणि भिवपुरीचं 1922चं. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी वीज करून खाली येतं आणि पाताळगंगेत, पेज नदीत सुटतं. म्हणून पेजेकाठी आणि राजनाल्याच्या कालव्यावर ऐन वैशाखात हिरवीगार भाजी दिसते. तिथून थोडं डोंगराकडे सरकलं की त्याच तालुक्यातल्या वाड्यांत बायका हंडे घेऊन झिऱ्यावर बसलेल्या असतात. मावशींची वाडी त्यांतलीच. ज्या घरांनी मला बी दिलं त्यांच्या परसाला मार्चनंतर घोटभर पाणी नसतं, हे मला सहन होत नाही. वाडीवर पाणी टिकलं तर त्यांच्या हातून काय पिकेल, हे त्यांच्या पावसाळी मांडवाकडे पाहिलं की कळतं.

आमच्या बोअरला उन्हाळ्यात थोडंच पाणी येतं. म्हणून मी फक्त माठ आणि चवळी ठेवते. भांडी विसळलेलं पाणी राख-मातीच्या खड्ड्यातून निवळून त्यांना जातं. लाल माठ खुडला की पुन्हा फुटतो. पहिल्या वर्षाच्या हिशेबात हजारातले काही रुपये शिल्लक राहिले. त्यांतून मावशींच्या नातीला वह्या घेतल्या. यंदा काकूंनी विहिरीकडची पट्टीही दिली आहे. तिथे तांबड्या भोपळ्याची आळी घालून झाली, पाला भाजून झाला, आता शेणखताचं पोतं यायचं आहे.